लातूरची बंद खोली आणि साखरेची बाटली: घरगुती कर्बवायूचं एक प्रकरण

लातूर शहरातल्या एका घराची मागची खोली. १० बाय ८ फूट, छत ९ फुटांवर. म्हणजे ७२० घनफूट, मेट्रिक मापात २० घनमीटर. आत दोन लोखंडी रॅक, प्रत्येकाला चार फळ्या, फळी ४ बाय २ फूट. एकूण लागवड ६ चौरस मीटरच्या आसपास. प्रत्येक फळीवर २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब, दिवसाला १६ तास. पिकं लेट्यूस, बेझिल आणि कोथिंबीर. पाणी टाकीतून फिरून परत टाकीत येतं, कारण ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ते वाहू देणं कुणालाच परवडत नाही. खोलीला एक टनाचा स्प्लिट एसी.

ही खोली नमुन्याची आहे, अमुक एका घराची नाही. आकडे हिशोबाने काढलेले आहेत आणि आपल्या खोलीचं माप घालून कुणालाही ते पुन्हा काढता येतील. चुका मात्र अशा खोल्यांमध्ये नेहमी होणाऱ्याच आहेत.

तक्रार काय होती

हिवाळ्यात खिडकी किलकिली असायची, तेव्हा पीक व्यवस्थित येत होतं. मार्चअखेर ऊन तापलं, एसी सुरू झाला, आणि वीजबिलाच्या धास्तीने खिडकीच्या फटींना टेप लागली, दाराखाली रबरी पट्टी बसली. त्यानंतर लेट्यूस अडून बसलं. पानं पातळ, वजन नाही, गड्डा भरत नाही. मुळं मात्र पांढरीशुभ्र, तापमान २५-२६ अंश, पाण्याचा सामू (पीएच) ठीक.

अशा वेळी पहिला संशय खतावर जातो, तसाच इथेही गेला. द्रावणाची तीव्रता वाढवली, तर पानांच्या कडा जळाल्या. जे झाड वाढतच नाही, त्याला जास्त खत देणं म्हणजे ताप आलेल्याला आग्रहाने जेवू घालणं. मग कर्बवायूवर, म्हणजे झाडं वाढीसाठी हवेतून घेतात त्या कार्बन डायऑक्साइडवर संशय आला आणि मीटर आणलं. मीटरने दुपारी ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) दाखवलं, सकाळी दिवे लागायच्या आधी ७००. मोकळ्या हवेत सध्या ४२० च्या जरा वर असतो. म्हणजे कमतरता नाही, असं ठरलं. मग विचार असा झाला की हवेइतका आहेच, तर घरच्या घरी अजून वाढवू या. यीस्ट गोड पाणी आंबवताना कर्बवायू सोडतं, म्हणून गूळ, पाणी आणि यीस्ट घालून २० लिटरचे पाच जार भरायचा बेत झाला.

मीटर खोटं का बोललं

या प्रकरणाची खरी गाठ मीटरमध्ये आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

इन्फ्रारेड पद्धतीच्या, म्हणजे एनडीआयआर प्रकारच्या बहुतेक घरगुती मीटरमध्ये आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते. गेल्या सात-आठ दिवसांतला सगळ्यात कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असं मीटर गृहीत धरतं आणि त्या आकड्याला ४०० मानून स्वतःला सरकवून घेतं. कार्यालयात हे चालतं, कारण रात्री माणसं गेली की हवा खरोखर बाहेरच्यासारखी होते. झाडांच्या बंद खोलीत उलटं घडतं. दिवे चालू असताना झाडं कर्बवायू खाऊन तो २०० पर्यंत खाली आणतात, आणि मीटर त्या २०० ला ४०० म्हणू लागतं. सकाळचे खरे ५०० त्याला ७०० दिसतात. ज्या खोलीला उपासमारीची बाधा झाली आहे, तिथेच मीटर पोट भरल्याचं सांगतं.

तपासणी सोपी आहे. मीटर गच्चीवर न्यावं, सावलीत ठेवावं, आपण आठ-दहा फूट लांब राहावं आणि वीस मिनिटांनी वाचावं. ४२० च्या जवळ आकडा आला तर मीटर बरोबर. इथे ते ६२० च्या आसपास दाखवणार, आणि तो वरचा २०० चा फरकच आतल्या तुटीचा पुरावा. यानंतर मीटर मोकळ्या हवेत हाताने जुळवायचं आणि आपोआप जुळवणी बंद करायची. ज्या मीटरमध्ये ती बंद करता येत नाही, ते या कामाला घेऊ नये.

आणखी दोन सापळे. स्वस्त मीटरपैकी काही कर्बवायू मोजतच नाहीत. हवेतल्या वासाच्या वाफा मोजून त्यावरून कर्बवायूचा अंदाज छापतात. यीस्टच्या बाटलीतून थोडी अल्कोहोलची वाफ येते, ती मिळाली की असं मीटर दोन-तीन हजार दाखवतं आणि मालक खूश होतो. खोक्यावर एनडीआयआर लिहिलेलं नसेल तर पैसे वाया. दुसरा सापळा आपल्या तोंडाचा. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कर्बवायू असतो. वाकून आकडा वाचला की आपलाच श्वास मोजला जातो. मीटर पानांच्या उंचीला टांगावं आणि मोबाइलवर किंवा दाराच्या काचेतून वाचावं.

खोलीचा जमाखर्च

२० घनमीटर खोलीत ४२० पीपीएमने एकूण कर्बवायू किती? २०,००० लिटर हवेत ८.४ लिटर. २५ अंशांना एका लिटरचं वजन १.८ ग्रॅम धरलं तर १५ ग्रॅम. एवढीच शिल्लक. या ट्यूबच्या मध्यम उजेडात ६ चौरस मीटर भरलेलं लेट्यूस तासाला सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे २.४ लिटर खातं. दोन तासांत निम्मी शिल्लक संपते. नंतर वेग मंदावतो, कारण कर्बवायू कमी झाला की पानाला तो ओढता येत नाही.

टेप लावलेल्या खोलीतही थोडी हवा येतेच. तासाला खोलीच्या तीन दशांश हवा बदलते असं धरलं तर ६ घनमीटर. या गळतीतून जेवढा कर्बवायू आत येतो आणि अर्धपोटी झाडं जेवढा घेतात, त्यांचा मेळ २०० पीपीएमच्या आसपास बसतो. तिथेच खोली दिवसभर अडकून पडते.

हे समजलं की पुढची गोष्ट पटते: २०० वरून ४०० वर आल्याने जे मिळतं, ते ४०० वरून ८०० वर जाऊन मिळत नाही. पानाचा प्रतिसाद सुरुवातीला चढा असतो, मग सपाट होत जातो, आणि उजेड मध्यम असेल तर लवकर सपाट होतो. म्हणून आधी तूट भरायची. वाढीव कर्बवायूचा विचार त्यानंतर.

गुळाच्या जारांचा हिशोब

तरीही पाच जार भरले असते तर काय झालं असतं, ते मांडायला हवं. मराठवाड्यात गूळ आणि साखर हाताशी असल्याने हा मोह पुष्कळांना होतो.

खोली १००० पीपीएमवर ठेवायची म्हणजे बाहेरच्यापेक्षा ५८० जास्त. गळतीच्या ६ घनमीटरबरोबर तासाला ३.५ लिटर बाहेर जाणार. झाडं ३ लिटर घेणार. एकूण साडेसहा लिटर, म्हणजे तासाला १२ ग्रॅम. यीस्ट दिवे बंद झाले म्हणून थांबत नाही, त्यामुळे २४ तासांचे २८० ग्रॅम. एक किलो साखरेतून कागदावर ५१४ ग्रॅम कर्बवायू निघतो, प्रत्यक्षात ४८० धरावा. म्हणजे रोज जवळजवळ ६०० ग्रॅम, महिन्याला साडेसतरा किलो साखर. ४५ रुपये किलोने ८०० रुपये.

पैसे एकवेळ बाजूला ठेवू. साखरेचं जेवढं वजन कर्बवायूत जातं, साधारण तेवढंच अल्कोहोलमध्ये जातं. साडेसतरा किलोतून महिन्याला ११ लिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, शंभर-दीडशे लिटर आंबलेल्या पाण्यात मिसळलेलं. गुळाचं हे आंबलेलं पाणी म्हणजे हातभट्टीच्या बातम्यांत ज्याला ‘गूळमिश्रित रसायन’ म्हणतात तेच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. हेतू लेट्यूसचा होता हे दारात आलेल्या पथकाला समजावत बसायची वेळ कुणी स्वतःवर आणू नये. लहानशी एखादी बाटली ही पाव फुगवण्याच्या पातळीची गोष्ट आहे. शंभर लिटरचे जार नाहीत.

आणि हे सगळं खोली बंद असताना. कूलर लावला तर हिशोबच मोडतो. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. तासाला खोलीची हवा अनेकदा बदलते. त्या वाऱ्यात साखरेची बाटली ठेवणं म्हणजे उघड्या गच्चीवर उदबत्ती लावणं. पण कूलरच्या खोलीत कर्बवायू कधी कमीही पडत नाही, कारण बाहेरचे ४२० सतत येत असतात. मराठवाड्यात कुणी घरगुती कर्बवायूचं विचारलं, तर आमचा पहिला प्रश्न एकच असतो: एसी आहे की कूलर? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पहिली दुरुस्ती: पंखा

तूट भरायला तासाला ६० घनमीटर हवा पुरते. २.४ लिटर खाणं ६० घनमीटरमध्ये वाटलं की फक्त ४० पीपीएमची घट होते, खोली ३८० वर राहते. ४ इंची डक्ट पंखा, वेग कमी करायला रेग्युलेटर, तोंडाशी बारीक जाळी (पांढरी माशी आणि फुलकिडे अडवायला), आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर पडायला तितकीच खाच. एवढंच सामान.

पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि नळी लागली की प्रवाह निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून मोजून घ्यावा. कचऱ्याची मोठी, २०० लिटरची पिशवी चपटी करून पंख्याच्या तोंडाला धरावी. १२ सेकंदांत फुगली तर ६० घनमीटर. सहा सेकंदांत फुगली तर रेग्युलेटर खाली आणावा.

‘मे महिन्यातली ४२ अंशांची हवा आत घ्यायची? एसी मरेल की.’ ही भीती प्रत्येकाला वाटते, आणि ती मोजून पाहिलेली नसते. ६० घनमीटर हवा ४२ वरून २६ अंशांवर आणायला सुमारे ३०० वॅट उष्णता काढावी लागते. एक टनाचा एसी ३५०० वॅट काढतो. ट्यूब एकट्याच ६४० वॅट उष्णता सोडतात. म्हणजे ज्या हवेच्या भीतीने खोली टेपने बंद झाली, तिचं ओझं दिव्यांच्या निम्म्यापेक्षाही कमी. शिवाय आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, ती पानांनी सोडलेली वाफ घेऊन जाते आणि बुरशीचा त्रास घटतो.

दुसरी दुरुस्ती: झोपायची खोली

मागच्या खोलीला लागून झोपायची खोली आहे. रात्री दोन मोठी माणसं, दार-खिडक्या बंद, एसी चालू. झोपलेलं माणूस तासाला १२-१३ लिटर कर्बवायू सोडतं. दोघांचे मिळून २५ लिटर, म्हणजे ४५ ग्रॅम. झाडांच्या भुकेच्या दहापट. साखर नको, गूळ नको.

म्हणून दिव्यांची वेळ फिरवली: रात्री ८ ते दुपारी १२. झाडाला दिवस कधी उगवला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला १६ तास उजेड आणि ८ तास अंधार हवा. दुपारचे चार कडक तास दिवे बंद, त्यामुळे एसीचंही ओझं उतरलं. डक्ट पंखा झोपायच्या खोलीतून हवा ओढून झाडांच्या खोलीत सोडतो, तिथून ती खाचेतून बाहेर जाते.

६० घनमीटरमध्ये २५ लिटर मिसळले की झोपायची खोली बाहेरच्यापेक्षा ४२० जास्त, म्हणजे ८४० पीपीएमवर राहते. झाडं तासाला ३ लिटर घेतात, ५० पीपीएम उतरतात, झाडांची खोली ७९० वर. झोपायची खोली पंख्याआधी पूर्ण बंद होती, तेव्हा तिथला आकडा याहून पुष्कळ वर चढत असणार; त्यामुळे झोपणाऱ्यांनाही मोकळी हवा मिळते. रात्री १० ते सकाळी ६ असे आठ तास झाडांना दुप्पट कर्बवायू, उरलेल्या दिव्यांच्या वेळी घरातली साधी हवा. यापेक्षा स्वस्त घरगुती स्रोत आम्हाला माहीत नाही.

यात बिघडण्यासारखं काय आहे? एक, प्रवाहाची दिशा. हवा झोपायच्या खोलीकडून झाडांकडेच गेली पाहिजे; उलट झाली तर दमट हवा आणि बुरशीचे बीजाणू अंथरुणापर्यंत येतात. वीज गेली की पंखा थांबतो, म्हणून नळीत एकाच बाजूला उघडणारी हलकी झडप बसवावी. दोन, झोपायच्या खोलीत बाहेरची हवा शिरायला फट हवी, नाहीतर पंखा नुसताच गुरगुरतो. तीन, उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर लावला तर ८४० चे ४५० होतात. नुकसान नाही, पण वाढीव फायदाही नाही.

वाढ वेगाने सुरू झाली की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी पडतात. कॅल्शियम तिथपर्यंत वेळेत पोचत नाही. द्रावण तीव्र करून ते सुटत नाही. गड्ड्यावरून मंद वारा फिरेल असा लहान पंखा लावला की सुटतं. आणि माठ, राजगिरा ही सी-४ गटातली पिकं रॅकवर असतील तर त्यांच्याकडून वाढीव कर्बवायूचा फायदा धरू नये. त्यांची रचनाच कमी कर्बवायूत काम भागवणारी आहे.

रोपांची पेटी: जिथे बाटलीचा उपयोग आहे

आता खालच्या फळीवरची पेटी. २ बाय दीड फूट, उंची २ फूट. ६ घनफूट, म्हणजे १७० लिटर. बेझिलचे फाटे आणि लेट्यूसची रोपं. फाट्यांना मुळं फुटेपर्यंत ८५-९० टक्के आर्द्रता लागते. एप्रिलची कोरडी हवा आत सोडली तर ते तासाभरात माना टाकतात. म्हणजे इथे वायुवीजनाचा मार्ग बंद. आणि १७० लिटर हवेत कर्बवायू असतो ७० मिलिलिटर. झाकण घट्ट असेल तर पाऊण तासाची शिदोरी.

या पेटीची गरज: रोपं तासाला ०.२ ग्रॅम, गळती (तासाला एकदा हवा बदलते धरून) ०.१८ ग्रॅम. एकूण दिवसाला ९ ग्रॅम. हे घरगुती बाटलीच्या आवाक्यातलं काम आहे.

यीस्टची बाटली अशी. थंड पेयाची २ लिटरची बाटली (ती दाब सोसते, पाण्याची पातळ बाटली चालत नाही). दीड लिटर कोमट पाणी, २०० ग्रॅम साखर, पाव चमचा कोरडं यीस्ट, पाव चमचा खाण्याचा सोडा, आणि सुपारीएवढा गूळ. आरओचं पाणी वापरलं तर यीस्टला खनिजं मिळत नाहीत. तो गूळ त्यासाठीच. नळाचं पाणी क्लोरिनच्या वासाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवावं. पूर्ण गुळाची बाटली भरू नये, फेस चढून नळीत जातो. फार पिवळाधमक गूळही टाळावा. रंग उजळायला वापरलेल्या हायड्रॉसमधल्या गंधकाने यीस्ट मंदावू शकतं.

झाकणाला नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडावं, मत्स्यालयाच्या नळीचं टोक तिरपं कापून आतून ओढून घ्यावं. गरम गोंद झाकणाच्या प्लास्टिकला धरत नाही, दोन दिवसांत सुटतो. नळी आधी अर्ध्या लिटरच्या, अर्धी पाण्याने भरलेल्या दुसऱ्या बाटलीत बुडवावी: फेस तिथे अडतो आणि बुडबुडे मोजता येतात. तिथून दुसरी नळी पेटीत, लहान संगणकी पंख्यासमोर. कर्बवायू जड असतो म्हणून वरून सोडला की पानांवर झिरपतो, हा समज पंखा नसलेल्या पेटीपुरता थोडाफार खरा. एकदा हवेत मिसळला की तो खाली बसत नाही.

नळीवर कधीही तोटी बसवू नये. रात्री ‘बंद करून ठेवू’ म्हणून तोटी फिरवली की सकाळपर्यंत बाटली फुटते किंवा झाकण उडून आंबलेलं पाणी ट्यूबच्या होल्डरमध्ये जातं. रात्री नको असेल तर नळी पेटीबाहेर काढून ठेवावी.

वेग मोजायला औषधाची १०० मिलिलिटरची बाटली पाण्याने भरून पाण्याच्याच भांड्यात उपडी धरावी आणि नळीचं टोक तिच्याखाली घालावं. २८ मिनिटांत ती वायूने भरली तर तासाला सुमारे ०.२१ लिटर, म्हणजे आपले ०.३८ ग्रॅम. पहिले काही तास काहीच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अपेक्षेच्या तिप्पट येतो, आठव्यापासून उतरतो. म्हणून एक मोठी करण्यापेक्षा दोन लहान बाटल्या, निम्म्या मापाच्या, पाच दिवसांच्या अंतराने लावाव्यात. जोर आल्याच्या दिवशी पेटीत ३००० पीपीएम सहज होतात. त्यात फायदा नाही, काही पिकांची पानं पिवळी पडतात. त्या दिवशी झाकण बोटभर उचलावं.

यीस्टला ३० अंश आवडतात. पत्र्याखाली किंवा ट्यूबच्या डोक्यावर ठेवलेली बाटली मे महिन्यात ४० च्या वर जाते आणि मरते. डिसेंबरच्या पहाटे तीच बाटली गारठून झोपते. जागा एकच: एसीच्या खोलीत, खालच्या फळीवर, रोपांशेजारी.

सलाइनचा संच आणि लिंबूसत्त्व

आमचा कल मात्र या पेटीसाठी दुसऱ्या पद्धतीकडे आहे. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व, दोन्ही किराणा दुकानात मिळतात. २० ग्रॅम सोडा आणि १७ ग्रॅम लिंबूसत्त्व यांतून साडेदहा ग्रॅम कर्बवायू निघतो, एका दिवसाला पुरून थोडा उरतो. अल्कोहोल नाही, वास नाही, आणि दिव्यांबरोबर चालू-बंद करता येतं.

सोडा १०० मिलिलिटर पाण्यासह एक लिटरच्या बाटलीत. लिंबूसत्त्व २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून वर टांगलेल्या बाटलीत, खाली सलाइनचा कोरा, न वापरलेला संच. १६ तासांत २०० मिलिलिटर म्हणजे तासाला १२.५. संचावर एक मिलिलिटरला २० थेंब लिहिलेले असतील, तर मिनिटाला ४ थेंब. चाकाची कळ फिरवून घड्याळ लावून मोजावेत. तासाने पुन्हा मोजावेत, कारण नवी नळी सैल पडते आणि थेंब बदलतात.

वरची बाटली खालच्यापेक्षा फूटभर तरी उंच हवी, आणि तिला हवा आत यायला टाचणीएवढं भोक हवं. थेंब थांबून बुडबुडे उलटे वर चढू लागले, तर वायू बाहेर जायची नळी कुठेतरी दुमडली आहे. पहिल्या अर्ध्या तासात वायू कमी येतो, तो पाण्यातच विरघळत असतो. म्हणून घाईने थेंब वाढवू नयेत.

सोड्यात गल्लत होते. धुण्याचा सोडा घातला तर निम्मं सत्त्व आधी वायू न देताच खर्ची पडतं. आणि सत्त्वाऐवजी संडास धुण्याचं ॲसिड वापरण्याचा विचारही करू नये. त्याच्या वाफा पानं आणि छाती दोन्ही जाळतात. व्हिनेगर चालतं, पण ४ टक्क्यांच्या व्हिनेगरचे १० ग्रॅम वायूला ३४० मिलिलिटर लागतात, आणि खोलीत लोणच्यासारखा वास भरतो.

उरलेल्या पाण्यात सोडियम असतं. ते कुंडीत किंवा परसात ओतू नये; आपली काळी जमीन आणि बोअरचं पाणी यांत क्षारांची कमी नाही. मोरीत टाकावं. यीस्टचं आंबलेलं पाणी दहापट पातळ करून कंपोस्टच्या ढिगावर टाकता येतं.

जे केलं नाही

मेणबत्ती आकड्यात बसते: तासाला पाच-सात ग्रॅम मेण जळून १५ ते २० ग्रॅम कर्बवायू. पण काजळी येते, आणि अपुऱ्या ज्वलनातून इथिलीन येऊ शकतो. हवेच्या एक कोटी भागांत इथिलीनचा एक भाग असला तरी संवेदनशील पिकांची पानं वाकडी होतात. गॅसची शेगडी, कोळसा, धूप बंद खोलीत लावणं याच्याही पलीकडचं: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेत माणूस मारतो. ज्या खोलीची हवा घराशी जोडलेली आहे, तिथे जळणारं काहीही नको.

शेणखत किंवा कंपोस्टची बादली अमोनिया आणि चिलटं देते. धिंगरी अळिंबीच्या पिशव्या कर्बवायू चांगला सोडतात, पण बीजाणूंचा दम्याला त्रास होतो. वेगळ्या खोलीत अळिंबी असेलच, तर तिची बाहेर जाणारी हवा जाळीतून झाडांकडे वळवता येते. अळिंबीलाही ताजी हवा हवीच असते.

कर्बवायूचा सिलिंडर घरगुती म्हणता येणार नाही, पण विचारला जातो. ३० किलोचा सिलिंडर या खोलीत गळला तर साडेसोळा हजार लिटर वायू होतो. खोली आहे २० हजार लिटरची. त्याउलट पेटीच्या बाटलीतली सगळी २०० ग्रॅम साखर एका क्षणात उडाली असं धरलं, तरी खोलीत ३००० पीपीएमच्या आसपास. आठ तासांच्या कामाची मान्य मर्यादा ५००० आहे. ४०,००० ला जिवाला धोका. जुन्या विहिरीत किंवा पेवात उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची रीत आहे, पण खोलीत तिच्यावर भिस्त ठेवू नये: ज्योत तेवत असतानाही कर्बवायू माणसाला घेरी आणण्याइतका असू शकतो. वाढीव कर्बवायू असलेल्या कोणत्याही खोलीत मीटरचा भोंगा १५०० वर लावलेला असावा आणि तो झोपणाऱ्याला ऐकू यावा.

पंखा बसल्यावर पहिले पंधरा दिवस रोज तीन वेळा आकडा लिहावा: दिवे लागण्याआधी, दिवे लागून सहा तासांनी, आणि दिवे बंद होण्याआधी. शेवटचा आकडा ३५० च्या खाली गेला तर जाळीवर धूळ बसली आहे. लातूरला मे महिन्यात ती दर आठवड्याला धुवावी लागते.